शिकारी जातीच्या पिल्लासाठी मिळणारा तयार प्रशिक्षण संच: संकेश्वरच्या शिवारातील वापरानंतरचे परीक्षण

शिकारी जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाला पहिल्या वर्षातच वळण लावता यावे, या उद्देशाने ऑनलाइन विकला जाणारा एक तयार संच आम्ही आमच्या हरणी नावाच्या कारवानी (मुधोळ हाउंड) मादी पिल्लासाठी मागवला आणि पिल्लू घरी आल्यापासून ते जवळपास वर्षाचे होईपर्यंत बेळगाव जिल्ह्यातील संकेश्वरजवळच्या आमच्या शेतावर तो वापरून पाहिला. संचात 10 मीटर लांबीची नायलॉनची दोरी, गळपट्टा, शिट्टी, फ्लर्ट पोल (काठीला दोराने बांधलेले आमिष), आणून देण्याच्या सरावाचा कॅनव्हासचा डमी, सशाच्या वासाची म्हणून दिलेली एक बाटली आणि एक इंग्रजी पुस्तिका एवढ्या वस्तू येतात व त्यासाठी साधारण 4,500 रुपये मोजावे लागतात. याच धाटणीचे संच निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि त्यांतील वस्तू थोड्याफार फरकाने सारख्याच असतात, म्हणून विक्रेत्याचे नाव न देता अशा प्रकारच्या संचाविषयी लिहिणे मला अधिक उपयोगाचे वाटते. सुरुवातीलाच सांगतो, की या सर्व वस्तूंपैकी शिट्टी पूर्ण किमतीची आहे, दोरी कल्पनेने योग्य पण बनावटीने घातक आहे, फ्लर्ट पोल घरी याहून चांगला होतो, आणि उरलेल्या वस्तूंवाचून कारवानी पिल्लाचे काहीही अडत नाही. कारवानीला धावायला आणि पाठलाग करायला कुणी शिकवावे लागत नाही. शिकवावे लागते ते थांबायला आणि बोलावल्यासरशी मागे फिरायला. संचातील प्रत्येक वस्तू मी याच कसोटीवर पारखली आहे.

संच ज्यांच्यासाठी तयार झाला त्यांची आणि आपली परिस्थिती मुळातच वेगळी आहे, हे पुस्तिका उघडताच लक्षात येते. अमेरिकेत परवाना काढून ठरलेल्या हंगामात ससे, खारी यांसारख्या लहान प्राण्यांची शिकार करता येते आणि त्यासाठी बीगलसारखी वासावर माग काढणारी कुत्री तयार केली जातात; पुस्तिकेतील बहुतेक धडे त्याच चौकटीत बसवलेले आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2004 च्या कायद्याने कुत्र्यांकरवी रानसशाचा पाठलाग करण्यास बंदी आली, तरी बिळात राहणाऱ्या सशांची शिकार जमीनमालकाच्या परवानगीने अजूनही चालते. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा विषय मिटवून टाकलेला आहे. त्या कायद्यातील शिकारीची व्याख्या इतकी व्यापक आहे, की प्राण्याला मारणे तर राहोच, त्याला पकडणे, हाकारणे, आमिष दाखवणे, त्याच्यामागे कुत्री सोडणे आणि यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे हेसुद्धा तीत येते. 2022 च्या दुरुस्तीने सर्वसाधारण गुन्ह्यासाठीच्या दंडाची मर्यादा 25,000 रुपयांवरून 1 लाख रुपयांवर नेली, तुरुंगवासाची तरतूद तीन वर्षांपर्यंतची आहे, आणि आमच्या शिवारात कोंबड्यांइतक्या मोकळेपणाने फिरणारा मोर तर कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या, अनुसूचीत असल्यामुळे त्याच्या बाबतीत शिक्षा तीन ते सात वर्षांची होते. विक्रेत्याच्या पानावर यातील एक ओळही नाही. लहान प्राण्यांच्या शिकारीची पूर्वतयारी असे शब्द मोठ्या अक्षरांत छापून भारतात वस्तू विकणाऱ्याने निदान एवढी सूचना द्यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग असा संच घ्यायचाच कशासाठी, असा प्रश्न कुणीही विचारील. त्याचे उत्तर असे, की हुक्केरी, चिक्कोडी, निपाणी, अथणी या भागांत कारवानी कुत्री आजही शेतावर राखणीसाठी पाळली जातात आणि शिकार बंद झाली म्हणून त्यांच्या रक्तातील पाठलाग बंद झालेला नाही. जुन्या पिढीतील माणसे सशामागे कुत्री सोडण्याच्या गोष्टी अजूनही पारावर रंगवून सांगतात. परंतु त्या गोष्टींतील कुत्रे आज तसेच मोकळे सोडले, तर ते एक तर कायद्याच्या कचाट्यात मालकाला अडकवते किंवा पुणे-बेंगळुरू महामार्गावर ट्रकखाली जाते. पिल्लाला आरंभापासून शिकारी कुत्र्याची शिस्त लावणे आणि शेवटची शिकार तेवढी कापडाच्या आमिषावर भागवणे, हाच मार्ग उरतो. आणि त्या शिस्तीची पहिली पायरी सगळीकडे सारखीच असल्यामुळे परदेशी संचाचा काही भाग आपल्यालाही उपयोगी पडतो.

कोणता भाग उपयोगी आणि कोणता निरुपयोगी, हे जातीवरून ठरते. कारवानी, ज्याला मुधोळ हाउंड या नावाने देशभर ओळखतात, ते डोळ्यांनी शिकार करणारे कुत्रे आहे. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ही जात नावारूपाला आणली. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर जी चार तिकिटे काढली त्यांत हिला स्थान मिळाले. आणि 2016 मध्ये सैन्याने मीरतच्या केंद्रात चाचणीसाठी मुधोळची पिल्ले नेली. बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळच्या तिम्मापूर येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे श्वान संशोधन केंद्र आहे आणि जातिवंत पिल्लू हवे असणाऱ्याने रस्त्यावरच्या दलालापेक्षा तेथे चौकशी करावी, हे बरे. उंच, सडपातळ, अंगावर चरबी जवळजवळ नाही, छाती खोल, कंबर बारीक आणि नजर दूरवर, अशी ही जात. आपल्याकडचा रानससा बीळ करत नाही. तो गवतात दबून बसतो आणि पाय अगदी जवळ येईपर्यंत हलत नाही, पण एकदा उठला की उघड्यावरून सुसाट सुटतो. नेमक्या त्या क्षणासाठी हे कुत्रे घडलेले आहे. बीगल वासाच्या मागे रेंगाळत जाते, तेव्हा त्याला हाक ऐकू येण्याइतकी उसंत तरी असते. कारवानीने मात्र एकदा झेप घेतली की चार हाका तोंडातून निघेपर्यंत ते बांध ओलांडून पलीकडच्या गावाच्या हद्दीत पोचलेले असते.

गळपट्ट्याचा विषय लवकर आटोपता येतो. संचातील पट्टा बोटभर रुंदीचा, चाप लावण्याचा आणि दिसायला आकर्षक आहे, परंतु कारवानीचे डोके मानेच्या मानाने अरुंद असल्यामुळे पिल्लू मागे सरकले की तो कानांवरून अलगद निसटतो. या जातीला रुंद पट्टाच लागतो, ज्यामुळे ओढ मानेच्या एका रेघेवर न येता पसरते. अथणीच्या एका चप्पल बनवणाऱ्या कारागिराकडून आम्ही दोन इंच रुंदीचा, आतून मऊ कातड्याचे अस्तर असलेला पट्टा शिवून घेतला. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळाले त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे कर्नाटकातील चार जिल्हेही आहेत, त्यामुळे आपल्या भागात कातडे जाणणारा माणूस शोधायला दूर जावे लागत नाही. पिल्लाची मान झपाट्याने वाढते, म्हणून भोके जास्त पाडून घ्यावीत. पावसाळ्यात कातड्याला बुरशी येते. आठवड्याला एकदा एरंडेलाचा हात फिरवला की काम भागते.

दोरीविषयी मात्र विस्ताराने लिहायला हवे, कारण सगळ्या प्रशिक्षणाचा कणा तीच आहे आणि संचात सर्वांत निष्काळजीपणे निवडलेली वस्तूही तीच आहे. लांब दोरीमागील विचार साधा आहे: पिल्लाला मोकळे असल्यासारखे वाटावे, पण बोलावल्यावर न येण्याची संधी त्याला कधीच मिळू नये. बोलावणे आणि येणे यांत एकदाही खंड पडला नाही, तर पिल्लाच्या दृष्टीने न येणे हा पर्यायच शिल्लक राहत नाही. यासाठी 10 मीटर ही लांबी योग्य आहे. परंतु संचातील दोरी गोल, गुळगुळीत आणि पेन्सिलीहूनही बारीक आहे. चार महिन्यांचे कारवानी पिल्लू वेगात सुटले आणि ती मुठीतून सरकली, की तळहाताची सालटे निघतात; पायाभोवती वेढा पडला तर पोटरीवर वळ उठतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की पुस्तिकेतील चित्रात ही दोरी सरळ गळपट्ट्याला अडकवलेली दाखवली आहे. संथ चालीच्या कुत्र्यासाठी ते एक वेळ चालून जाईल. पण पूर्ण वेगात असलेले सडपातळ पिल्लू 10 मीटरच्या टोकाला जाऊन हिसका खाईल, तेव्हा तो सगळा भार त्याच्या मानेच्या कोवळ्या मणक्यांवर येतो. लांब दोरी नेहमी छातीवरून घेतलेल्या हार्नेसला, तीही पाठीवरच्या कडीला बांधावी. हार्नेस संचात नाही, तो वेगळा घ्यावा लागतो, आणि माझ्या मते संचाच्या रचनेतील हा सर्वांत मोठा दोष आहे.

बेळगावच्या बाजारात पलंगाला विणतात ती सुती नवार आजही मिळते. तिचा 10 मीटरचा तुकडा घेऊन एका टोकाला पितळी कडी शिवून घेतली, तर संचातील दोरीपेक्षा प्रत्येक बाबतीत सरस वस्तू हाती येते. ती सपाट असल्याने पायाखाली धरून थांबवता येते, हाताला कापत नाही, आणि सुताची पकड चांगली असते. तिचा दोष एकच, की ती पाणी पिते. संकेश्वरच्या काळ्या रानात एका पावसानंतर ती चिखलाने इतकी जड होते, की पिल्लाऐवजी आपणच ती ओढत आहोत असे वाटू लागते. पावसाळ्यापुरती म्हणून संचातील नायलॉनची दोरी हातमोजे घालून वापरता येते. दुसऱ्या टोकाला हातात धरण्यासाठी जो फास शिवलेला असतो तो कापून टाकावा, कारण दोरी जमिनीवर सोडून पिल्लाला फिरू दिले की तोच फास तुरीच्या खुंटात किंवा उसाच्या बुडख्यात अडकतो. ऊस तुटून गेलेल्या फडात तर हा सराव करूच नये. तासून निघालेली बुडखी पिल्लाच्या पायांचे तळवे फाडतात. सोयाबीन निघाल्यानंतरचे मोकळे रान सर्वांत चांगले. पावसाळ्यानंतर कुसळी गवत पिकते तेव्हा घरी परतल्यावर कान आणि बोटांच्या बेचक्या रोज तपासाव्यात. कुसळ एकदा कातडीत शिरले की ते पुढेच सरकत जाते आणि शेवटी डॉक्टरकडे जाऊन काढावे लागते. गोचिडांची तपासणी त्याच वेळी उरकावी.

शिट्टी ही या संचातील खरी चीज आहे. ती प्लॅस्टिकची, आत गोळी नसलेली आणि एकाच ठरावीक स्वराची आहे. गोळीच्या शिट्टीत थुंकी किंवा पावसाचे पाणी गेले की आवाज फाटतो. हिचा स्वर भर पावसातही बदलत नाही, आणि हरवली तर स्वर दाखवणाऱ्या त्याच क्रमांकाची दुसरी घेता येते, म्हणजे कुत्र्याला नवा आवाज शिकवावा लागत नाही. काही विक्रेते माणसाला ऐकू न येणारी शिट्टी अधिक किमतीला विकतात. माणसाचा कान सुमारे 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो आणि कुत्र्याचा त्याच्या दुपटीहून पुढे जातो, हे खरे आहे, आणि फ्रान्सिस गॉल्टन यांनी अशी शिट्टी 1876 मध्येच केली होती, हेही खरे. परंतु ती नीट वाजली की नाही हे वाजवणाऱ्यालाच कळत नसेल, तर शेतावर तिचा उपयोग काय, हे मला आजवर उमगलेले नाही.

शिट्टीचा सर्वांत मोठा गुण असा, की तिच्यात राग येत नाही. माणसाचा आवाज तिसऱ्या हाकेला चढतो आणि संवेदनशील स्वभावाचे कारवानी पिल्लू चढलेल्या आवाजाकडे येण्याऐवजी दूर बसून राहते. सीमाभागात याला आणखी एक पैलू आहे. आमच्या घरात मराठी बोलली जाते, शेतावरचे गडी कन्नड बोलतात, शेजारच्या वस्तीवरची मुले दोन्ही भाषा एकाच वाक्यात वापरतात, आणि प्रत्येक जण पिल्लाला आपापल्या शब्दाने बोलावतो. त्यातून पिल्लाला एवढाच बोध होतो, की माणसे सतत काहीतरी बोलत असतात आणि त्याकडे लक्ष दिलेच पाहिजे असे नाही. शिट्टी सर्वांच्या हाती सारखीच वाजते. शिकारी कुत्र्यांच्या प्रशिक्षणात जो संकेत रूढ आहे तोच आम्ही ठेवला: एक लांब फुंक म्हणजे जागच्या जागी थांब, आणि तुटक लहान फुंका म्हणजे परत ये. पहिले काही आठवडे लहान फुंका केवळ जेवणाच्या थाळीपाशी वाजवल्या. मग अंगणात, मग गोठ्याजवळ, मग लांब दोरीवर रानात, आणि प्रत्येक वेळी पिल्लू आल्यावर उकडलेल्या काळजाचा तुकडा मिळायचाच. अंघोळीसाठी, औषधासाठी किंवा बांधून ठेवण्यासाठी शिट्टी कधीही वाजवू नये, आणि पिल्लू येईल याची खात्री नसताना तर मुळीच वाजवू नये. तशा वेळी चालत जाऊन दोरी धरावी. पुस्तिकेतील हा भाग नेमका व उत्तम लिहिलेला आहे, हे मान्य केले पाहिजे. एक सावधगिरी मात्र त्या परदेशी लेखकाला सुचणे शक्य नव्हते: आपल्याकडे बसचा वाहकही शिट्टीवरच गाडी थांबवतो आणि सोडतो. रस्त्याकडेला शेत असेल तर त्या आवाजाहून वेगळ्या स्वराची शिट्टी निवडावी, नाहीतर पिल्लू मोठ्या आज्ञाधारकपणे लाल बसकडे धाव घेते आणि प्रवाशांची करमणूक होते.

फ्लर्ट पोल म्हणजे काठी, तिच्या टोकाला लवचिक दोर आणि दोराला बांधलेले आमिष. पिल्लाचा पाठलागाचा आवेग याच्यावर सुरक्षितपणे भागवता येतो, आणि ऐन धावेत थांबण्याचा सराव याच्याइतका दुसऱ्या कशावरही होत नाही. आमिष फिरत असताना लांब फुंक मारायची, त्याच क्षणी आमिष मेलेले करायचे, म्हणजे जमिनीवर निश्चल टाकायचे, आणि पिल्लू थांबले की बक्षीस म्हणून तेच आमिष पुन्हा जिवंत करायचे. पाठलागाचे बक्षीस म्हणून पाठलागच मिळतो, हे एकदा त्याच्या ध्यानात आले की थांबणे त्याला शिक्षा वाटत नाही. संचातील पोलची काठी पोकळ असून ती सांध्यात लवकर ढिली झाली. चांगला वाळलेला बांबू, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी आणि सुती दोर यांनी तेच काम शंभर रुपयांच्या आत आणि अधिक टिकाऊपणे होते.

आमिषाच्या बाबतीत मात्र संचाने आपल्या भागासाठी धोकादायक वस्तू दिली आहे. पोलच्या टोकाला मेंढीच्या लोकरीचा झुबका आहे. सुगी झाली की आमच्या शिवारात धनगरांचे आणि कुरुबांचे कळप उतरतात, खतासाठी शेतात मेंढरे बसवली जातात, आणि अशा ठिकाणी पिल्लाला महिनोन्महिने लोकर पकडायला शिकवणे म्हणजे मोठेपणी त्याने कोकरू धरले तर त्याचे नवल वाटून घेऊ नये. एकदा कळपात शिरलेल्या कुत्र्याला कुणी दुसरी संधी देत नाही, आणि मेंढपाळाची बाजू लक्षात घेता ते योग्यच आहे. लोकर काढून टाकावी, जुन्या घोंगडीचा तुकडाही वापरू नये. गोणपाटाची पट्टी बांधावी, जिला कुठल्याच जनावराचा वास नाही आणि आकारही नाही. खऱ्या सशाचे कातडे मिळवून बांधण्याचा सल्ला गावात कुणी ना कुणी देतोच. ते कातडे जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. याच्या जोडीने पिल्लाला लहानपणीच आखूड दोरीवर कळपाच्या कडेने फिरवावे आणि मेंढ्यांकडे पाहून आपल्याकडे वळल्याबद्दल काळजाचा तुकडा द्यावा. कळपाच्या मालकाला आधी विचारावे; मामा, पिल्लाला मेंढरांची सवय लावायची आहे, एवढे सांगितले की बहुतेक जण आनंदाने परवानगी देतात, आणि कुत्र्याविषयीच्या त्यांच्या दोन सूचना फुकटात पदरी पडतात.

वयाचे भान पुस्तिका पुरेसे ठेवत नाही. तिसऱ्या महिन्यापासून रोज अर्धा तास फ्लर्ट पोल, असे तिच्या वेळापत्रकात आहे. उंच जातीच्या पिल्लाच्या लांब हाडांची टोके बाराव्या ते अठराव्या महिन्यापर्यंत पक्की होत नसतात आणि कच्च्या हाडांवर तीव्र वळणे, उड्या व अचानक थांबणे यांचा मारा केला तर सांधे कायमचे बिघडू शकतात. पहिल्या सहा महिन्यांत दोन-तीन मिनिटांचा खेळ, आमिष जमिनीलगत आणि मोठ्या वर्तुळात, एवढे पुरे. चौथ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडत असतात, तेव्हा ओढाताण पूर्ण बंद ठेवावी. हाच विक्रेता मोटरवर चालणारे आमिष ओढण्याचे यंत्र बऱ्याच मोठ्या किमतीला जोड म्हणून सुचवतो. सरळ रेषेत वेगाने धावण्याचा आनंद प्रौढ कारवानीला देण्यासाठी ते उत्तम साधन असेल, आणि चार-पाच कुत्रेवाले मिळून घेत असतील तर विचार करण्यासारखे आहे. वर्षाच्या आतील पिल्लासाठी ते घेणे म्हणजे पैसे देऊन पशुवैद्याकडे जाण्याची सोय करणे होय.

पुस्तिकेचा दुसरा दोष लसीकरणाविषयीचा आहे. आठव्या आठवड्यापासून पिल्लाला गवतात, पाण्याकाठी, इतर कुत्र्यांत न्यावे, असे ती सांगते. पिल्लाचे मन नव्या गोष्टी स्वीकारण्यास सर्वांत खुले असते तो काळ तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा, त्यामुळे सल्ल्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु आपल्या गावांत लस न टोचलेली कुत्री सर्वत्र फिरतात, पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो, आणि पिल्लाच्या लसींची मालिका सोळाव्या आठवड्याच्या सुमारास पुरी होते; रेबीजची लसही तिसऱ्या महिन्यात टोचावी लागते. तोवर जग दाखवायचे ते कडेवर घेऊन, मोटारसायकलच्या टाकीवर बसवून, किंवा स्वतःच्या कुंपणाच्या आत.

आवाजाची सवय लावण्याचा धडा बंदुकीसाठी लिहिलेला असला, तरी आपल्याला तो दुसऱ्याच कारणाने लागतो. मक्यात शिरलेली रानडुकरे हाकलण्यासाठी रात्री फटाके वाजतात, लग्नाच्या वरातीत वाजतात, गणपतीला आणि दिवाळीला तर वाजतातच. पुस्तिकेची रीत अशी, की पिल्लू जेवत असताना पुष्कळ दूरवर एक हलका आवाज करायचा, त्याने मान वर करून पुन्हा खायला सुरुवात केली तर तेवढ्यावर थांबायचे, आणि अंतर अनेक आठवड्यांत थोडे थोडे कमी करत आणायचे; खाणे सोडले तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे जायचे. रीत उत्तम आहे. ती सुरू करण्यासाठी श्रावण संपण्याची वाट पाहू नये, आणि पिल्लाला धीट करायचे म्हणून विसर्जनाच्या मिरवणुकीत नेण्याचा आचरटपणा तर कुणीच करू नये.

वासाच्या बाटलीविषयी लिहिण्यासारखे फार नाही. ती कापडावर शिंपडून गवतातून 20-30 मीटर ओढायची आणि दोरीवरच्या पिल्लाला त्या मागावर चालवायचे, पुढे मागाला वळणे द्यायची व तो काही वेळ शिळा होऊ द्यायचा, ही बीगलची शाळा आहे. कारवानीही नाकाने शोधते, पण तिची गोडी डोळ्यांत आहे. पावसाच्या दिवसांत पिल्लाला घरात गुंतवण्यासाठी हा खेळ चांगला आहे, आणि त्यासाठी काळीज उकडल्याचे पाणी त्या बाटलीइतकेच उपयोगी पडते. शिवाय सशाच्या वासाशी बक्षिसाची सांगड घालून आपण नेमके काय शिकवत आहोत, याचा विचार भीमगडसारख्या अभयारण्याजवळ किंवा मुधोळ-बिळगी भागातील यडहळ्ळीच्या चिंकारा अभयारण्याच्या आसपास राहणाऱ्यांनी तरी अवश्य करावा.

कॅनव्हासचा डमी आणून देण्याच्या सरावासाठी असतो. लॅब्राडोर जातीला तो जितका प्रिय, तितका कारवानीला नकोसा. आमच्या हरणीने तो एकदा तोंडात धरला, खाली टाकला आणि त्यानंतर त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ज्यांच्याकडे लॅब्राडोर, स्पॅनियल किंवा बीगल आहे त्यांना हा संच आमच्यापेक्षा अधिक पुरेपूर वापरता येईल, फक्त हार्नेसची सोय स्वतंत्रपणे करून ठेवावी. कारवानीवाल्यांनी शिट्टी सुटी घ्यावी, ती हजार रुपयांच्या आत मिळते. नवार, बांबू आणि कातडी पट्टा यांची जमवाजमव बेळगाव, निपाणी किंवा अथणी येथे एका फेरीत होते. संच मागवायचाच झाला तर परत करण्याची मुदत आधी पाहून घ्यावी, कारण पाकीट फोडलेली दोरी आणि पट्टा विक्रेता परत घेत नाही आणि नेमक्या त्याच दोन वस्तू बदलून घ्याव्या लागतात.